मोबाईल ॲप : पहिले पाऊल कोठे टाकावे?

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात दिलेले व्याख्यान)



या विषयावर बोलण्याची सूचना आली तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी संगणक अभियंता नाही. मराठी साहित्य घेऊन बी. ए. झालो आणि गेली वीस-बावीस वर्षे एका बँकेत लिपिक म्हणून काम करीत आहे. परंतु आपले सचिव म्हणाले, "अभियंत्याने सांगितले तर मुलांना वाटेल, हे त्यांचेच काम. तुम्ही सांगितले तर वाटेल, यांना जमले मग आपल्याला का जमू नये?" त्यांचे म्हणणे मला पटले आणि म्हणून मी आज आपल्यासमोर उभा आहे. माझ्या बोलण्यात काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे, ही विनंती.

मित्रांनो, बँकेच्या खिडकीत बसून मी रोज माणसे पाहतो. पूर्वी लोक पैसे भरण्याची स्लिप घेऊन यायचे आणि म्हणायचे, "साहेब, एवढी भरून द्या ना." आज तीच माणसे मोबाईल पुढे करतात आणि म्हणतात, "साहेब, हे काय विचारतंय, बघा ना." स्लिप गेली, मोबाईल आला, पण दुसऱ्याच्या हाताकडे पाहण्याची वेळ काही गेली नाही. याचे कारण काय? ते ॲप ज्याने तयार केले, त्याच्या डोळ्यांसमोर आपल्या वस्तीतील माणूस नव्हता. तो असावा असे वाटत असेल, तर आपल्यापैकी काही जणांनी ॲप वापरण्याबरोबरच ते तयार करावयासही शिकले पाहिजे. ते कसे, एवढेच मी सांगणार आहे.

प्लॅटफॉर्म म्हणजे काय?

प्लॅटफॉर्म म्हटले की आपल्याला रेल्वेचा फलाट आठवतो. मोबाईलच्या बाबतीतही अर्थ फार लांबचा नाही. फोन चालविणारी जी मूळ यंत्रणा असते, तिच्यावर आपले ॲप उभे राहते. आज असे दोनच मोठे फलाट आहेत. एक गुगलचा अँड्रॉइड आणि दुसरा ॲपलच्या आयफोनचा आयओएस. ॲपलने आपले ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडले, तर अँड्रॉइडचा पहिला फोन त्याच वर्षाच्या शेवटी शेवटी बाजारात आला. अँड्रॉइडच्या ॲप दुकानाला २०१२ पासून गुगल प्ले म्हणतात.

एके काळी आणखीही फलाट होते. आपल्यातील पुष्कळांनी नोकियाचे सिंबियनवर चालणारे फोन वापरले असतील. ब्लॅकबेरी होता, मायक्रोसॉफ्टचा विंडोज फोन होता. आज हे तिन्ही इतिहासजमा झाले आहेत. त्यांच्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे ॲप लिहिली, त्यांचे ज्ञान वाया गेले का? मुळीच नाही. ज्यांनी फक्त बटणांच्या जागा पाठ केल्या होत्या त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. परंतु ज्यांनी विचार करण्याची रीत शिकून घेतली होती, ते थोड्याच काळात नव्या फलाटावर उभे राहिले. म्हणून कोणतेही साधन शिकताना त्यामागचे तत्त्व समजून घ्या.

कोणत्या फलाटावर प्रथम जावे?

विद्यार्थी मला नेहमी विचारतात, "सर, अँड्रॉइड आधी शिकू की आयफोन?" माझे उत्तर असते, की ज्या फलाटावर आपली माणसे उभी आहेत तेथे गाडी आधी लावा. आपल्या देशात दहांपैकी नऊहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात. आपल्या वस्तीत तर शोधूनही आयफोन फार सापडणार नाहीत.

एकाच फलाटापासून सुरुवात करण्यात कमीपणा नाही. ज्याच्या नावाने आपणा सर्वांना बाबासाहेबांची आठवण होते, ते पैसे पाठविण्याचे भीम ॲप ३० डिसेंबर २०१६ रोजी सुरू झाले तेव्हा ते फक्त अँड्रॉइडवर होते. आयफोनवर ते फेब्रुवारी २०१७ मध्ये आले. भाषाही आरंभी हिंदी आणि इंग्रजी अशा दोनच होत्या, बाकीच्या नंतर आल्या. उलट, इन्स्टाग्राम २०१० मध्ये केवळ आयफोनसाठी निघाले आणि अँड्रॉइडवर यावयास त्याला २०१२ उजाडले. एवढ्या मोठ्या संस्थाही एका वेळी एकच पायरी चढल्या, मग आपण दोन पायऱ्या एकदम चढण्याचा हट्ट का धरावा?

चार वाटा

ॲप तयार करण्याच्या साधारण चार वाटा आहेत.

पहिली वाट ठोकळ्यांची. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाचे ॲप इन्व्हेंटर नावाचे साधन विनामूल्य आहे. २०१० मध्ये गुगलमध्ये त्याची सुरुवात झाली आणि नंतर ते एमआयटीकडे आले. संगणकाच्या ब्राउझरमध्ये ते उघडते. पडद्यावर बटण, चौकट, अक्षरे मांडावयाची आणि "बटण दाबले तर काय करावे" हे रंगीत ठोकळे एकमेकांत बसवून सांगावयाचे. फोनमध्ये त्याचे एक जोडीदार ॲप घेतले, की केलेले काम लगेच फोनवर दिसते. इयत्ता आठवी-नववीचा विद्यार्थीही एका दुपारी येथे काहीतरी चालते करून दाखवू शकतो.

दुसरी वाट वेबची. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या तीन गोष्टी शिकून असे पान तयार करता येते, की जे फोनच्या ब्राउझरमध्ये उघडते आणि होम स्क्रीनवर ठेवले की ॲपसारखेच वापरता येते. नीट बांधले तर इंटरनेट नसतानाही ते बऱ्याच अंशी चालते. अँड्रॉइड असो की आयफोन, दोन्हींवर चालते आणि कोणत्याही दुकानाची परवानगी लागत नाही. मात्र फोनच्या आतील सर्वच सोयी त्याला मिळत नाहीत.

तिसरी वाट एकदा लिहून दोन्हीकडे चालविण्याची. गुगलचे फ्लटर आणि फेसबुकने २०१५ मध्ये खुले केलेले रिॲक्ट नेटिव्ह ही त्यातील प्रमुख नावे. फ्लटरसाठी डार्ट भाषा शिकावी लागते, तर रिॲक्ट नेटिव्हला जावास्क्रिप्ट चालते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आयफोनसाठी ॲप बांधावयाचे तर ॲपलचे एक्सकोड हे साधन लागते आणि ते फक्त मॅक संगणकावर चालते. म्हणजे लिहावयाचे एकदा हे खरे असले, तरी आयफोनच्या फलाटावर जाताना मॅक कोठून तरी मिळवावा लागतोच.

चौथी वाट प्रत्येक फलाटाच्या स्वतःच्या भाषेची. अँड्रॉइडसाठी अँड्रॉइड स्टुडिओ हे विनामूल्य साधन आणि कोटलिन भाषा. आयफोनसाठी एक्सकोड आणि २०१४ मध्ये आलेली स्विफ्ट भाषा. ज्यांना पुढे याच क्षेत्रात नोकरी करावयाची आहे, त्यांनी कधी ना कधी या वाटेवर यावे. त्यासाठी संगणकात किमान ८ जीबी मेमरी हवी. १६ असल्यास काम सुखाने होते. संगणक अशक्त असेल तर त्यात खोटा फोन चालवून बघण्याऐवजी खरा फोनच वायरने जोडावा. फोनच्या सेटिंग्जमध्ये "बिल्ड नंबर"वर सात वेळा बोट टेकविले, की डेव्हलपरसाठीचे पर्याय उघडतात; त्यांत यूएसबी डिबगिंग सुरू करावे आणि काम संपल्यावर आठवणीने बंद करावे.

ज्याने पूर्वी कधी काही केलेले नाही, त्याने पहिल्या वाटेने महिनाभर चालावे आणि मग दुसरी किंवा तिसरी धरावी. मी स्वतः असाच गेलो.

माझी चूक

आता थोडे स्वतःविषयी. २०२० सालच्या टाळेबंदीत पुतण्याचा जुना लॅपटॉप घरी पडून होता. आमच्या सौभाग्यवती वस्तीतील महिला बचत गटाच्या खजिनदार आहेत. अकरा भगिनी, दरमहा प्रत्येकी दोनशे रुपये बचत आणि त्यातूनच एकमेकींना कर्ज. व्याज दरमहा दोन टक्के, तेही राहिलेल्या रकमेवर. पाच हजार बाकी असेल तर व्याज शंभर. पाचशे रुपये मुद्दल फेडले की पुढच्या महिन्यात बाकी साडेचार हजार आणि व्याज नव्वद. हिशेब सोपा आहे. पण अकरा जणींचा, महिन्याच्या शेवटी, स्वयंपाक उरकून करावयाचा म्हणजे डोके दुखतेच. मी ॲप इन्व्हेंटर उघडले आणि तीन आठवड्यांत एक ॲप तयार केले. नाव निवडा, रक्कम टाका, बाकी आणि व्याज समोर हजर! भगिनींनी कौतुक केले. मीही फुशारून गेलो आणि सौभाग्यवतींना म्हणालो, "आता ती वही ठेवून द्या."

हीच माझी चूक. चार महिन्यांनी तो फोन बिघडला. दुरुस्तीला दिला, तर दुकानदाराने तो पूर्ण पुसून, नव्यासारखा करून परत दिला. मी साऱ्या नोंदी फोनच्या पोटातच ठेवल्या होत्या. फोनबरोबर त्याही पुसल्या गेल्या. पुढच्या बैठकीत एक भगिनी म्हणाल्या, "मी मागच्या महिन्यात हजार रुपये भरलेत." खजिनदारापाशी नोंद नव्हती. कोणी काही बोलले नाही, परंतु ते न बोलणेच फार बोलके होते. सहा वर्षे एका पैशाचा वाद न झालेल्या गटात माझ्या ॲपमुळे प्रथमच एकमेकींच्या चेहऱ्याकडे पाहण्याची वेळ आली. त्या रात्री सौभाग्यवती जेवल्या नाहीत.

सुदैवाने प्रत्येकीकडे स्वतःचे छोटे पासबुक होते आणि त्यात दरवेळी सही घेण्याची जुनी शिस्त भगिनींनी मोडली नव्हती. अकरा पासबुके गोळा करून आम्ही दोघांनी दोन रात्री बसून सारा हिशेब पुन्हा उभा केला. त्या भगिनींचे हजार रुपये खरोखरच भरलेले होते. मी भर बैठकीत त्यांची क्षमा मागितली. बँकेत इतकी वर्षे काढलेल्या माणसाने दुसरी प्रत न ठेवता खातेवही चालवावी, याची मला आजही लाज वाटते.

ती चूक मी येथे मुद्दाम सांगितली, कारण ॲप तयार करणे हे काम किती जबाबदारीचे आहे हे मला त्या बैठकीत कळले. पुढे मी तेच ॲप फ्लटरमध्ये नव्याने लिहिले. आता प्रत्येक बैठकीनंतर त्यातून साऱ्या नोंदींची फाईल निघते आणि ती अध्यक्षा व सचिव या दोघींच्या फोनवर जाते. वही आजही चालू आहे. महिन्याच्या शेवटी वही आणि ॲप यांची बेरीज जुळविली जाते. जुळली नाही तर वही खरी मानली जाते.

खिडकीतून शिकलेले काही नियम

बँकेच्या कामातून मला काही नियम मिळाले. विद्यार्थ्यांना त्यांचा उपयोग होईल असे वाटते.

एक, आधी कागद घ्या. ॲपमध्ये किती पडदे असतील, प्रत्येकावर काय दिसेल, कोणते बटण दाबले की काय होईल, हे पेन्सिलने काढा. ॲपने एकच काम करावे. दुसरे काम सुचले तर वेगळ्या कागदावर लिहून ठेवा.

दोन, पैशांचा हिशेब पैशांत ठेवा. संगणक दशांश अपूर्णांक आपल्यासारखे साठवीत नाही. जावास्क्रिप्टला शून्य पूर्णांक एक आणि शून्य पूर्णांक दोन यांची बेरीज विचारा. उत्तर शून्य पूर्णांक तीनपेक्षा किंचित अधिक येईल! म्हणून दहा रुपये पन्नास पैसे ही रक्कम १०५० पैसे अशी पूर्ण संख्येत साठवावी आणि दाखविताना रुपये करावे. दिवसअखेर एक पैसा जुळला नाही तर काय होते, ते कोणत्याही लिपिकाला विचारा.

तीन, चुकीची नोंद खोडू नका. खातेवहीत आपण उलट नोंद करून चूक दुरुस्त करतो. ॲपमध्येही तसेच करावे. म्हणजे काय घडले ते पुढे कोणालाही पाहता येते.

चार, लागेल तेवढेच मागा. हिशेबाच्या ॲपला संपर्क यादी कशाला हवी? एसएमएस वाचण्याची परवानगी कशाला हवी? लोकांची माहिती त्यांची आहे. त्यासंबंधी २०२३ मध्ये देशात कायदाही झाला आहे.

पाच, मराठी आधीपासूनच ठेवा. ॲपमधील सर्व वाक्ये एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवण्याची सोय बहुतेक साधनांत असते. त्यामुळे भाषा बदलणे सोपे जाते. "सबमिट करा" असे लिहिण्याऐवजी "नोंद करा" लिहा. मग घरातील सर्वांत जुना फोन घ्या, त्यात अक्षरे मोठी करा आणि आजीच्या हातात द्या. ती जेथे अडली तेथे दोष ॲपचा समजावा.

सहा, ॲपची फाईल व्हॉट्सॲपवर वाटत सुटू नका. खोट्या दंडाच्या पावत्या, खोट्या लग्नपत्रिका अशा नावांनी आलेली ॲप टाकून लोकांची खाती रिकामी झाल्याची उदाहरणे आता सर्वांना माहीत आहेत. आपणच आपल्या माणसांना अशा फाईली उघडण्याची सवय लावली, तर उद्या चोराचे काम सोपे होईल.

सात, आज कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की ती कोड लिहून देते. जरूर विचारा, परंतु जी ओळ समजली नाही ती आपल्या ॲपमध्ये ठेवू नका. न वाचता धनादेशावर आपण सही करतो का?

खर्च किती, मिळकत किती?

शिकावयास पैसे लागत नाहीत, कारण मी सांगितलेली साधने विनामूल्य आहेत. ॲप गुगल प्लेवर ठेवावयाचे तर एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. शिवाय गुगल प्लेवर नव्याने वैयक्तिक खाते उघडणाऱ्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान बारा माणसांकडून सलग चौदा दिवस त्याची चाचणी करून घ्यावी लागते. एकट्या विद्यार्थ्याला बारा माणसे कोठून मिळणार? येथेच आपल्यासारख्या संस्थेचे काम सुरू होते. या सभागृहात आज बारांच्या कितीतरी पट माणसे बसली आहेत.

मिळकतीबद्दल मी कोणालाही खोटी आशा दाखविणार नाही. दुकानांत लक्षावधी ॲप पडून आहेत आणि त्यांतील बहुतेकांकडे कोणी फिरकत नाही. माझ्या ॲपने मला एक रुपयाही दिलेला नाही. परंतु नोकरीच्या मुलाखतीत "मला अमुक भाषा येते" असे म्हणणारे शंभर जण असतात. "हे मी तयार केले, अकरा माणसे ते दरमहा वापरतात, त्यात ही चूक झाली होती आणि ती मी अशी दुरुस्त केली," असे म्हणणारा एखादाच असतो. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही मागे राहू नये. माणूस काय म्हणतो ते ऐकणे आणि सोप्या भाषेत मांडणे हे आपण शिकलेलो असतो, आणि ॲपचे निम्मे काम तेच आहे.

शेवटी एक सूचना करतो. संस्थेच्या वाचनालयात संगणक आहे. पुढच्या रविवारपासून सकाळी दहा ते बारा मी तेथे बसेन. ज्यांना यायचे आहे त्यांनी वही, पेन्सिल आणि आपल्या घरातील एक अडचण घेऊन यावे. आईला गॅसची टाकी किती दिवस पुरली ते लक्षात राहत नसेल, आजोबांना औषधाची वेळ आठवत नसेल, वाचनालयातील पुस्तक कोणाकडे आहे ते सापडत नसेल. अडचण जितकी लहान तितके बरे. संगणक एकच आहे, म्हणून पाळी लावू. मुलींनी मागच्या बाकावर बसू नये. पहिली पाळी त्यांची.

जाता जाता सांगतो, ज्या भगिनींची नोंद माझ्यामुळे हरवली होती, त्याच आज त्या ॲपमध्ये गटाच्या नोंदी करतात. मागच्या महिन्यात त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, नोंद झाल्यावर रक्कम मोठ्या अक्षरांत दाखवा, म्हणजे सगळ्यांना लांबूनच दिसेल." मी ती सुधारणा त्याच रात्री केली.